गोरखमुंडी

दिवाळीच्या सुमारास कोकणात भाताची कापणी होते. भारे खळ्यावर जातात, मळणी सुरू होते आणि पावसाळाभर पाण्याने भरलेली खाचरे उघडी पडतात. वरवर पाहणाऱ्यास तेथे धसकटांवाचून काही दिसत नाही. परंतु जमिनीत ओल शिल्लक असते. त्या ओलीच्या आधारे एक लहानशी वनस्पती डोके वर काढते. तिचे नाव गोरखमुंडी.

ही वनस्पती फार उंच होत नाही. जमिनीलगत फांद्या पसरून वाढते. तिच्या अंगावर बारीक, चिकट लव असते. पान चुरगळले की उग्र वास हाताला लागतो. पानांचे तळ खोडावरून खाली उतरत गेल्यामुळे खोडाला जणू पंख फुटल्यासारखे दिसतात. फांद्यांच्या टोकांशी बोराएवढे जांभळट गुलाबी गोंडे येतात. मुंडन केलेल्या मस्तकाची आठवण करून देणाऱ्या या वनस्पतीला संस्कृतात 'मुंडी' म्हणतात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिचा औषधी म्हणून उल्लेख आहे. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिला जे शास्त्रीय नाव दिले, त्याचाही अर्थ 'गोल फूल' असाच आहे.

वास्तविक हा गोंडा म्हणजे एक फूल नव्हे. गोरखमुंडी ही झेंडू, शेवंती व सूर्यफूल यांच्या कुळातील. या कुळात ज्याला आपण फूल म्हणतो, तो अनेक चिमुकल्या फुलांचा समूह असतो. गोरखमुंडीच्या गोंड्यात तर असे कितीतरी समूह एकत्र नांदतात. जणू एका वाड्यात अनेक कुटुंबे!

हिवाळ्यात फुलून उन्हाळा कडक होण्यापूर्वी ती आपले बी जमिनीच्या स्वाधीन करते. तिचा जीवनक्रम शेतकऱ्याच्या वर्षाशी असा जुळलेला आहे. मात्र तिच्यात एक उणीव आहे. याच कुळातील एकदांडीच्या बियांना केसांचा झुबका असतो. वाऱ्यावर स्वार होऊन त्या दूरवर जातात. गोरखमुंडीच्या बियांना तो नाही. वाऱ्यावर उडून नवे घर शोधणे तिला साधत नाही.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस असलेले तळवली हे भातशेतीच्या पट्ट्यातील गाव. १९६० नंतरच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले. १९७० साली नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली आणि खाचरांच्या जागी रस्ते व इमारती आल्या. परदेशातून आलेली एकदांडी अशा शहरांत रस्त्याच्या कडेला आणि भिंतीच्या फटीतही रुजते. गोरखमुंडीला मात्र ओलसर, मोकळी माती हवी. तिला कोणी मुद्दाम उपटून टाकले नाही. पण जेथे भाताचे शेत बुजते, तेथे तिचे घरही बुजते.

शेत केवळ धान्य देत नाही. शेतकऱ्याच्या श्रमांवर त्याच्या नकळत कितीतरी लहान जीव जगत असतात. बांधावरून जाताना पायाशी एखादा जांभळा गोंडा दिसला, तर क्षणभर थांबून तो अवश्य पाहावा.

स्वाध्याय
१. गोरखमुंडीच्या गोंड्याला एक फूल का म्हणता येत नाही?
२. एकदांडी शहरात टिकते. गोरखमुंडीला ते कठीण का जाते?
३. आपल्या परिसरातील एका रानवनस्पतीचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.