दगड उकळू नकोस, मधू

अगं मधू, समुद्री माशांच्या टाकीचे फोटो पाहिले. श्रीधररावांनी एवढ्या हौसेनं आणलीय, तेव्हा ती काढून टाक असं मी म्हणणार नाही. पण निळ्या उजेडात ती हिरवी-केशरी फुलं उमललीत ना, ज्यांना दुकानदार 'झोआ' म्हणाला, त्यांच्याबद्दल जरा बोलायचंय. आईसमोर नको, ती उगाच घाबरेल.

आपल्या रायपूरच्या गोल बाजारात बसून समुद्राची धास्ती कुणाला वाटणार? आमच्या दुकानात शंख असतात, कवड्या असतात. गिऱ्हाईक हातात घेतं, फुंकून बघतं, परत ठेवतं. कुणी 'इंद्रजाल' मागायला येतं, ते मात्र आम्ही ठेवत नाही. ती समुद्रपंख्याची नाहीतर काळ्या पोवळ्याची वाळवलेली फांदी असते आणि 2001 साली ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेली. दगडासारखी कडक प्रवाळंही त्याच वर्षी गेली, तेव्हा टाकीत तसलं काही असेल तर आधी बिल तपासून घे. पण कायद्यापेक्षा मला काळजी वेगळी आहे. आमच्याकडचा माल वाळलेला असतो, तुझा जिवंत आहे.

ती फुलं नव्हेत, प्रवाळांच्या नात्यातले प्राणी आहेत. या झोआंच्या कुळात काहींच्या अंगात, विशेषतः ज्यांना 'पाली' म्हणतात त्यांच्यात, पॅलिटॉक्सिन नावाचं जालीम विष असतं. हवाईतल्या मूर आणि श्यूअर या रसायनशास्त्रज्ञांनी ते 1971 मध्ये वेगळं काढलं. आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम-पोटॅशियम आतबाहेर करणारा पंप असतो. हे विष त्याच्यात घुसतं आणि मिटणाऱ्या दाराला पाचर मारावी तसा तो उघडाच ठेवतं. मग स्नायूंपासून हृदयापर्यंत सगळ्यांचं तंत्र बिघडतं. त्यावर उतारा नाही. आणि यातलं कुठलं विषारी, कुठलं साधं, हे नुसतं बघून जाणकारालाही छातीठोक सांगता येत नाही. तुझा दुकानदार तर मासे विकणारा माणूस.

काचेबाहेर बसून बघशील तोवर ते तुझ्या वाटेला जात नाही. घात होतो तो सफाईच्या दिवशी. झोआ दगडावर नको तितके पसरले की वाटतं, दगड काढावा बाहेर, घासावा ब्रशनं, नाहीतर सरळ उकळत्या पाण्यात टाकावा. आपल्या घरात तर काहीही स्वच्छ करायचं म्हटलं की पातेलं चढतंच. इथे तेच नडतं! हे विष उकळून मरत नाही, वाफेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून खोलीभर होतं. 2018 मध्ये इंग्लंडात, ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हन्टन गावात, एका घरी टाकीतलं प्रवाळ बाहेर काढून साफ केलं आणि अख्खं कुटुंब आजारी पडलं. मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही इस्पितळात न्यावं लागलं. त्यात आपला रायपूरचा मे महिना. दारं-खिडक्या गच्च बंद, एसी चालू, तीच हवा घरात फिरतेय.

त्रास लगेच होईल असंही नाही, काही तासांनी सुरू होतो. तोंडाला कडवट, धातूसारखी चव, हुडहुडी भरून ताप, खोकला, धाप, अंग ठणकणं. उन्हाळ्यात असं झालं तर आपण काय म्हणतो? लू लागली. आणि कैरीचं पन्हं पिऊन पडून राहतो. तसं करू नकोस. मेकाहारा रुग्णालयात जा, एम्सला जा, पण डॉक्टरांना पहिलं वाक्य सांग की समुद्री टाकीतला दगड हाताळला होता. विषाचं नाव चिठ्ठीवर लिहून ने, रायपुरात हे रोज बघायला मिळत नाही. लघवी चहासारखी गडद झाली तर तेही लाजू नकोस, सांग. स्नायू झिजत असल्याची ती खूण असते.

गोल बाजारातून टाकीसाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश घे, स्वयंपाकघरातलं काही वापरायचं नाही. लांब रबरी हातमोजे आणि कडा बंद असलेला गॉगल हवा, नुसता चष्मा नको. दाबलं गेलं की ही फुलं पिचकारी मारतात आणि डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. हाताला भेग असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालूच नकोस. काही काढून टाकायचं असेल तर पाण्याखालीच पिशवीत घे आणि गच्चीवर ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेव. त्यात संडासचं अॅसिड मात्र ओतू नकोस, क्लोरीन सुटेल.

आणि हो, कुणी नक्षीदार जिवंत शंकूशंख दिला तर घेऊ नकोस. त्याच्या दंशानं माणसं दगावलीत. समुद्रकाकडीही नको, ती आजारी पडून मेली तर कधीकधी आपल्या विषानं टाकीतले मासेही घेऊन जाते.

जाऊबाईंचा चिंटू खुर्चीवर चढून टाकीत हात घालतो म्हणालीस, त्याचं काय करणार आहेस? झाकणाला कडी लावून घे. आणि झोआंचा तो दगड परत घेतो का, विचार दुकानदाराला. त्या जागी क्लाऊनफिशची एक जोडी आण, चिंटूला तीच जास्त आवडेल. नाहीच म्हणाला, तर फोन कर. दोघी जाऊ त्याच्याकडे.