ठरावात ओढा लिहायचा राहिला

आमच्या त्या ठरावाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. मजकूर दोन ओळींचा : सदर रस्त्यास ग्रामस्थांचा तीव्र विरोध आहे, ठराव सर्वानुमते मंजूर. खाली सूचक, अनुमोदक आणि दीड पान सह्या-अंगठे. बेल्ह्याजवळच्या आमच्या वाडीवरून जाणारा रस्ता रुंद होणार होता. मी तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होतो. ठराव लिहून झाल्यावर आम्ही चहा प्यालो आणि लढाई जिंकल्यासारखे घरी गेलो.

रस्ता झालाच. भराव पुरुषभर उंच, आणि जिथून ओढा वाहायचा तिथं एकच नळाची मोरी. परतीच्या पावसात वरच्या अंगाला पाणी तुंबलं, माझा दोन एकर कांदा जागेवर सडला. शेजाऱ्याची विहीर रस्त्याच्या एका बाजूला, रान दुसऱ्या बाजूला. त्याची पाइपलाइन भरावाखाली दबली. तक्रार घेऊन कचेरीत गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या हरकतीत ओढ्याचा उल्लेख कुठं आहे?" नव्हता. राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं. मोजणीवाले आले होते चैत्रात. जुन्नरच्या या पूर्व पट्ट्यात चैत्रातला ओढा म्हणजे गाडीवाटच. त्यांना तो दिसला नाही आणि आम्ही दाखवला नाही. गावनकाशावर तो ठळक होता. नकाशा चावडीत गुंडाळलेला.

नंतर कायदा वाचला, तो आधी वाचायला हवा होता. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 1956 च्या कायद्यातल्या थ्री-ए कलमाची अधिसूचना निघते. तिचा सारांश दोन वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक मराठी. अधिसूचनेपासून 21 दिवसांत लेखी हरकत द्यायची, सुनावणी मागायची. पुढं थ्री-डी कलमाची अधिसूचना निघाली की जमीन सरकारजमा. मग भांडण उरतं ते मोबदल्याचं. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास करताना ग्रामपंचायतीशी सल्लामसलत सांगितली आहे, पण महामार्ग आणि रेल्वेचे कायदे त्या प्रक्रियेतून वगळलेले. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांना पेसा कायदा लागू आहे, तिथं संपादनाआधी विचारावं लागतं. आम्ही पूर्वेकडचे. आमच्या हातात उरतात ते 21 दिवस, आणि त्यातले निम्मे पेपर गावात कोणी वाचला का हे शोधण्यात जातात.

म्हणून आता कोणी विचारलं की मी आधी हरकत लिहायला बसवतो. ज्याची जमीन त्याची हरकत वेगळी, गट नंबरासकट. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं, कांद्याची चाळ सगळं त्यात. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर ती आधी करून घ्या; मोबदल्याच्या वेळी कागदावरचीच विहीर खोल असते. संयुक्त मोजणीच्या दिवशी सोमवार असला तर बेल्ह्याचा बाजार बुडवा, पण बांधावर उभे राहा, आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. प्रांताच्या कचेरीसाठी आम्हाला मंचरला जावं लागतं. गेलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय एसटीत बसू नका.

ग्रामसभेचा ठराव नको असं नाही. पण सभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला कमी आकडा तरी बसलेला हवा. तहकूब सभेला ती अट नाही, म्हणून बरेच ठराव तहकुबीतच होतात आणि वाचणाऱ्याला ते कळतं. ठरावात ओढे, शिववाटा, जनावरं कुठून ओलांडतात, मोरी किती रुंद हवी, हे लिहा. नुसता विरोध लिहिला तर फाइल पुढं सरकते.

नेमक्या हरकतीचं उदाहरण जवळच आहे. खोडदची रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, आमच्याच तालुक्यातली. तिच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. रेल्वेच्या विद्युत यंत्रणेनं रेडिओ लहरींत गोंगाट होतो, असं तिथल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडचा मार्ग याच कारणावर अडला, आणि पुढं शिर्डी-अहिल्यानगरकडून गाडी नेण्याची घोषणा झाली. रेल्वे यावी का नको यावर आमच्या भागात दोन तट आहेत. अनेकांना ती हवीच होती, मलाही. पण हरकत कशी घ्यायची ते त्या शास्त्रज्ञांकडून शिकावं. तीव्र विरोध हा शब्द न वापरता त्यांनी आपली अडचण मोजून मांडली.

आमच्याकडं मोजायला ओढा होता. आता दर पावसाळ्यात मी मोरीच्या तोंडाशी पाण्याच्या खुणा करतो, तारखेसह फोटो काढतो. दुसऱ्या मोरीचा अर्ज दिला आहे, पोच खिशात आहे.