यंत्र घेण्याआधी टॅप बघा

पुण्यातल्या एका व्यापारी संकुलाची विद्युत देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा तळघरात मेन पॅनेलच्या शेजारी कपाटाएवढं एक यंत्र उभं होतं. व्होल्टेज खाली आणून वीज वाचवणारं. दहा-बारा टक्के बिल उतरेल, असं विक्रेत्याने आधीच्या समितीला सांगितलं होतं. बिलात मात्र ते कुठे सापडत नव्हते. अध्यक्षांनी मला विचारलं, "साहेब, चालू ठेवू की भंगारात काढू?"

कल्पना अगदीच खोटी नाही. आपल्याकडे ठरलेला दाब 230 व्होल्ट, वर-खाली 6 टक्के चालतो. पण 11 केव्हीवर चालणारे आपले ट्रान्स्फॉर्मर दुसऱ्या बाजूला 433 व्होल्टचे असतात, म्हणजे लोड नसताना एका फेजला 250. ट्रान्स्फॉर्मर इमारतीच्या आवारातच असेल तर दाब चढाच मिळतो. साध्या हीटरचा दाब 10 टक्के उतरवला की तो 19 टक्के कमी वीज ओढतो. ब्रिटनमध्ये 1995 साली ठरलेला दाब 240 वरून 230 झाला, पण तो कागदावर; तारांतला दाब 240 च्या आसपासच राहिला. त्यामुळे तिथे या यंत्रांना बाजार मिळाला. तेव्हाच्या चोकवाल्या ट्यूबांना आणि जुन्या मोटारींना त्याचा उपयोगही होता.

फसगत होते ती डेमोमध्ये. विक्रेता बायपास बंद करतो, यंत्र चालू करतो आणि मीटरवरचे किलोवॅट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरतात. समिती खूश. पण तो आकडा त्या क्षणाचा असतो, बिल येतं युनिटचं. कँटीनचा गिझर कमी वीज ओढतो हे खरं, पण पाणी तापायला लागणारी उष्णता तेवढीच, म्हणून तो जास्त वेळ चालू राहतो. थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं असंच. पाच मिनिटांच्या डेमोत हे दिसणार कसं? म्हणून डेमो बघायचाच असेल तर एक आठवडा यंत्र चालू, एक आठवडा बायपास, असं आलटून-पालटून निदान दोन महिने चालवा आणि मीटरचे युनिट लिहून ठेवा. उन्हाळ्याच्या बिलाची पावसाळ्याशी तुलना करून कुणी बचत दाखवत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

नंतर आपलं लोड मोजा. या संकुलात एलईडी दिवे, संगणक, इन्व्हर्टर एसी आणि ड्राइव्हवरच्या लिफ्ट. ही सगळी उपकरणं आपल्याला हवी तेवढी वीज घेतातच. व्होल्टेज उतरलं की करंट वाढवून घेतात. उरले पाण्याचे पंप. अर्ध्या लोडवर फिरणाऱ्या जुन्या मोटारीत थोडी बचत होते, पण पूर्ण लोडवरची मोटार कमी दाबाला जास्त करंट ओढते आणि तापते. त्यात यंत्राच्या स्वतःच्या गाभ्यात चोवीस तास वीज जिरते, ती वेगळीच. मी ते कायमचं बायपासवर टाकलं.

त्याआधी यंत्राच्या अलीकडे आठवडाभर दाब नोंदवणारा लॉगर लावला होता. दिवसा दाब ठीक होता. ऑफिसं सुटल्यावर आणि रविवारी चढत होता. त्या वेळी चालू काय, तर जिन्यातले दिवे. तिथे वाचवून वाचवणार किती! तरी दिव्यांचे ड्रायव्हर वारंवार जात होते, म्हणून व्होल्टेज एक पायरी उतरवलं. संकुल एचटी (उच्चदाब) ग्राहक, ट्रान्स्फॉर्मर स्वतःचा, आणि त्यावर अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांचा टॅप स्विच असतोच. खर्च फक्त शटडाऊनचा आणि परवानाधारक माणसाचा. साधा टॅप स्विच पुरवठा चालू असताना कधीही फिरवू नका. आणि दाब उतरवायचा असेल तर नेमप्लेटवरचा जास्त एचटी व्होल्टेजचा टॅप घ्यायचा असतो. घाईत भलेभले तो उलटा फिरवतात. नंतर ऐन दुपारी सगळ्यात लांबच्या मजल्यावरचा दाब तपासा. तिथे तो फार पडला असेल तर टॅप परत जागेवर.

आमचे पैसे मुरत होते दुसरीकडेच. महाराष्ट्रात एप्रिल 2020 पासून एचटी ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर बिघडला की युनिट थेट वाढतात. पॅनेलमधले अर्धेअधिक कपॅसिटर मेलेले निघाले. त्यातून दाब उतरला की चांगले कपॅसिटरही वर्गाच्या हिशेबाने दुबळे होतात, हे यंत्र विकणारा सांगत नाही. मेलेले कपॅसिटर बदलल्यावर बिल हललं.

एलटी (लघुदाब) ग्राहकाच्या हातात टॅप नसतो. दिवसभर 245 च्या वर दाब राहत असेल तर लॉगरचा कागद जोडून महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मर्यादेत पुरवठा देणं ही त्यांची जबाबदारी आहे.