मेंदूच्या गाठीतील पेशींची ओळख

तळोज्याशेजारी खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे. रुग्णालय म्हणून ती परिचित आहे. परंतु तिच्या प्रयोगशाळांत मेंदूच्या गाठींवर झालेले कार्य पालकांनी जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा गोळा नव्हे. कर्कपेशींसोबत तीत प्रतिकारपेशी असतात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीही असतात. त्या वेगळ्या करण्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा बारीक चिरून विकरांच्या द्रावात ठेवतात. पेशींना जखडणारे धागे विरघळले, की तो गाळून सुट्या पेशी मिळवतात. मग चमकत्या रंगाची प्रतिपिंडे मिसळतात. सीडी४५ या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड प्रतिकारपेशी दाखवते, सीडी३१ला चिकटणारे रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या. लेसरसमोरून एकेक पेशी नेऊन यंत्र त्यांची विभागणी करते. २००४ साली टोरांटोच्या शीला सिंग व पीटर डर्क्स यांनी सीडी१३३ असलेल्या अवघ्या शंभर पेशींपासून उंदराच्या मेंदूत गाठ वाढल्याचे दाखवले. ही एकच खूण पुरेशी नसल्याचे पुढे दिसून आले, तरी शोधाची दिशा बदलली ती बदललीच.

लहान मुलांना होणारा मेड्युलोब्लास्टोमा हा लहान मेंदूतील कर्करोग आहे. सकाळची डोकेदुखी, उलट्या, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. वसतिगृहात ती पित्तावर ढकलली जाण्याचा धोका असतो. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या भासणाऱ्या या गाठींचे जनुकांच्या क्रियाशीलतेवरून चार मुख्य गट पडतात. येथे पेशी सुट्या न करता गाठीचा नमुनाच तपासतात. अडचण अशी, की आपल्याकडे नमुने मेणात जतन केलेले असतात आणि त्यांतील लांब आरएनए तुटून जातात. अ‍ॅक्ट्रेकच्या डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत निवडक जनुकांसोबत सूक्ष्म आरएनएचाही आधार घेतला. ते आखूड असल्याने मेणातही टिकतात. जीर्ण दप्तरातील आखूड नोंदी शाबूत मिळाव्यात, तसेच हे. इतिहासाच्या अभ्यासकास त्याचे अप्रूप वाटते.

गट कळल्याने काय साधते? संपूर्ण मेंदू व मज्जारज्जूवर दिलेल्या किरणोपचाराने मुलाची स्मरणशक्ती आणि शिकण्याची गती मंदावते. जीव वाचलेले मूल वर्गात मागे पडते, ते याच कारणाने. 'डब्ल्यूएनटी' गटातील बहुतेक मुले बरी होतात; म्हणून टाटा केंद्राने त्यांपैकी काहींना मूळ गाठीच्या जागेपुरतेच किरण देऊन पाहिले. रोग इतरत्र उलटू लागताच तो प्रयोग थांबवावा लागला. त्यानंतर मेंदू व मज्जारज्जूवरील मात्रा पूर्णपणे न वगळता ती कमी करून देण्याचा अभ्यास हाती घेण्यात आला.