पाठदुखीत त्वरा कधी करावी?

पाठीचे किंवा कमरेचे दुखणे आयुष्यात एकदाही अनुभवले नाही, असा प्रौढ मनुष्य विरळाच. पाण्याची बादली उचलताना, बसमध्ये तासन् तास उभे राहिल्यावर, कधी नुसते वाकून चप्पल घालताना कमरेत उसण भरते आणि चार पावले टाकणेही जड होते. अशा दहा रुग्णांपैकी साधारण नऊ जणांच्या दुखण्यामागे गंभीर आजार नसतो. स्नायू, सांधे किंवा अस्थिबंध यांवर ताण आलेला असतो आणि बहुतेकांचे दुखणे चार ते सहा आठवड्यांत पुष्कळसे ओसरते. हा दिलासा खरा आहे. परंतु याच दिलाशातून एक घातक सवयही जडते. प्रत्येक पाठदुखीला घरात एकच नाव मिळते आणि त्यावर एकच उपचार होतो : शेक, मलम आणि वेदनाशामक गोळी. उरलेल्या मोजक्या रुग्णांचे नुकसान होते ते या सवयीमुळे. त्यांना वेळीच ओळखावे कसे, हा या लेखाचा विषय आहे.

नाव म्हणजे निदान नव्हे

कोलकात्याच्या उत्तरेकडील डमडम हे उपनगर आज बहुतेकांना नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळामुळे परिचित आहे. ब्रिटिश अमदानीत येथे लष्करी छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना होता. त्या काळी येथील सैनिकांना एक चिवट ताप येत असे. प्लीहा वाढे, शरीर खंगत जाई आणि अनेकदा रुग्ण दगावे. या आजाराला 'डमडम ताप' असे नाव पडले. परंतु नाव मिळाले म्हणून कारण सापडले नव्हते. डमडमला राहून आजारी पडलेल्या आणि पुढे इंग्लंडमधील लष्करी रुग्णालयात मरण पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरांना १९०० साली सूक्ष्म परजीवी आढळले. त्यांनी ते निरीक्षण १९०३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच परजीवी दिसले. हाच आजार म्हणजे काळा आजार. पुढे कोलकात्यातच डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्यावर 'युरिया स्टिबामाइन' हे प्रभावी औषध तयार केले. कारण समजल्यावर उपचाराची दिशा सापडली.

कंबरदुखीबाबतही हाच धडा उपयोगी पडतो. 'कंबर धरली', 'लचक भरली', 'वाताचे दुखणे', 'सायटिका' ही लक्षणांना दिलेली नावे आहेत; ती कारणे नव्हेत. नाव देऊन मोकळे झाल्यावर निरीक्षण थांबते आणि तेथेच चूक होते.

वेदनेची तीव्रता फसवी असते

दुखणे जितके तीव्र तितका धोका मोठा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. स्नायूंच्या पेटक्यामुळे रुग्ण अक्षरशः ओरडतो, कूस बदलू शकत नाही, तरीही आठ-दहा दिवसांत तो हिंडू-फिरू लागतो. उलट मज्जातंतूंवर गंभीर दाब आला असता काही वेळा पायातील कळ कमी होते आणि तिच्या जागी बधिरपणा व अशक्तपणा येतो. 'आता दुखत नाही' म्हणून घरातील माणसे निर्धास्त होतात, आणि नेमके तेव्हाच मज्जातंतू निकामी होऊ लागलेले असतात. म्हणून वेदना किती आहे, एवढेच पाहून भागत नाही. वेदनेसोबत आणखी काय आले आहे, हे पाहावे लागते.

सर्वांत तातडीची अवस्था

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा एक जुडगा घोड्याच्या शेपटीप्रमाणे लोंबत असतो. म्हणूनच वैद्यकशास्त्रात त्याला 'कॉडा इक्विना', म्हणजे अश्वपुच्छ, असे म्हणतात. पायांची हालचाल व संवेदना, मूत्राशय आणि गुदद्वार यांवरील ताबा, तसेच लैंगिक संवेदना या तंतूंवर अवलंबून असतात. दोन मणक्यांमधील चकती मोठ्या प्रमाणात सरकून या जुडग्यावर दाबली गेली, किंवा गाठ, पू अथवा मोडलेल्या हाडाचा दाब आला, तर पुढील लक्षणे दिसू लागतात :

१) लघवीला सुरुवात होण्यास वेळ लागणे, धार क्षीण होणे, मूत्राशय भरूनही लघवीची भावना न होणे, अथवा नकळत लघवी होणे.
२) शौचावरील ताबा जाणे किंवा शौच झाल्याचे न समजणे.
३) जननेंद्रिये, गुदद्वार आणि मांड्यांची आतील बाजू, म्हणजे सायकलच्या बैठकीला टेकणारा भाग, बधिर होणे.
४) दोन्ही पायांत कळा किंवा मुंग्या येणे, पाऊल उचलताना ते लटके पडणे, पायांतील शक्ती तासागणिक किंवा दिवसागणिक कमी होणे.

यांतील एकही लक्षण पाठदुखीसोबत नव्याने दिसले, तर त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासात, रुग्णालय गाठावे. एम. आर. आय. तपासणीने दाब निश्चित झाल्यावर बहुधा तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. ती ४८ तासांच्या आत, आणि त्यातही जितकी लवकर होईल तितका परिणाम चांगला, असा अनुभव आहे. विलंब झाल्यास वेदना जाऊ शकते, परंतु लघवीवरील ताबा कायमचा जाऊ शकतो. तसे झाल्यास चाळिशीतील कर्त्या माणसाला उर्वरित आयुष्य लघवीच्या नळीवर काढावे लागते.

येथे सर्वांत मोठा अडसर ठरतो तो संकोच. लघवी, शौच आणि गुप्तांगांची बधिरता यांविषयी पती-पत्नीदेखील एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाहीत. सासू-सुनेत किंवा वडील-मुलांत तर ते अशक्यप्राय असते. पाठदुखीने अंथरुणास खिळलेल्या माणसाला घरातील जबाबदार व्यक्तीने हे प्रश्न स्वतःहून आणि स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजेत.

परमुलखात ही वेळ आली तर

उदाहरणादाखल, महाराष्ट्रातून बदलीवर जाऊन डमडममधील नागेरबाजार परिसरात बिऱ्हाड केलेल्या एखाद्या कुटुंबाची स्थिती विचारात घ्यावी. गृहस्थांच्या डाव्या पायात आठवडाभर कळ येत आहे. रविवारी सायंकाळी दोन्ही पायांत मुंग्या येऊ लागतात आणि लघवी थेंब थेंब होते. पाणी कमी प्यायल्याने असे होत असावे, उद्या सोमवारी बाह्यरुग्ण विभागात दाखवू, असे ठरवून ते झोपी जातात. वाया जाऊ नये ती रात्र अशी वाया जाते.

अशा वेळी बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता तातडीच्या विभागात जावे. डमडमहून शहराकडे येताना बेलगाछियाजवळ आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लागते. एस. एस. के. एम. रुग्णालयाशी संलग्न असलेली बांगूर न्यूरोसायन्सेस संस्था मज्जासंस्थेच्या विकारांसाठी प्रसिद्ध आहे. बदलीच्या गावी गेल्यावर शाळा, दूध आणि गॅस यांची चौकशी आपण करतो. रात्री-अपरात्री एम. आर. आय. आणि मणक्याची शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात होते, याचीही चौकशी त्याच वेळी करून ठेवावी.

भाषेचीही अडचण उद्भवते. कंबर आणि व्यथा हे शब्द बंगालीत थोड्या उच्चारभेदाने समजतात. मात्र 'बधिर' या शब्दाचा बंगालीतील अर्थ बहिरा असा आहे. 'पाय बधिर झाला' असे सांगितल्यास ऐकणारा गोंधळात पडेल. तेथे त्यासाठी 'अबश' हा शब्द वापरतात व त्याचा उच्चार 'ऑबोश' असा होतो. लघवीला 'प्रस्राब' म्हणतात. परप्रांतात राहणाऱ्यांनी असे चार शब्द लिहून ठेवल्यास आणीबाणीत त्यांचा उपयोग होतो.

इतर धोक्याच्या खुणा

मणक्याबाहेरील आजारही कधी कधी पाठदुखीच्या रूपाने प्रकट होतात. पुढील परिस्थितीत क्षणाचाही विलंब करू नये :

१) साठी ओलांडलेल्या, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या किंवा रक्तदाब असलेल्या व्यक्तीच्या पाठीत अथवा पोटात अकस्मात फाटल्यासारखी वेदना होऊन घाम, घेरी किंवा मूर्च्छा येणे. महारोहिणी फुगून फुटण्याची किंवा तिचा स्तर चिरण्याची ही खूण असू शकते.
२) खांद्यांच्या मधोमध वेदना आणि त्यासोबत छातीत दडपण, धाप किंवा दरदरून घाम. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो.
३) कुशीतून जांघेकडे जाणारी कळ मूतखड्याची असते, तिच्यासोबत थंडी वाजून ताप आल्यास जंतुसंसर्गाची शंका घ्यावी.
४) पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात व कमरेत तीव्र वेदना होऊन चक्कर येणे.
५) उंचावरून पडणे किंवा वाहनाचा अपघात. वृद्ध व्यक्ती, तसेच दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत साध्या घसरण्यानेही मणका दबू शकतो.

काही खुणा तासांच्या नव्हे, तर दिवसांच्या निकडीच्या असतात. सायंकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, घटणारे वजन, भूक मंदावणे आणि विश्रांतीनेही न थांबणारी, रात्री जागवणारी पाठदुखी आढळल्यास आठवड्याच्या आत तपासणी करून घ्यावी. भारतात अशा रुग्णांत मणक्याच्या क्षयाचा विचार अग्रक्रमाने करावा लागतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदांनी या विकाराचे वर्णन १७७९ साली केले, तर क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. क्षय म्हणजे खोकला, ही समजूत येथे दगा देते. मणक्याच्या क्षयात खोकला मुळीच नसू शकतो. वेळीच निदान झाल्यास पुष्कळदा केवळ औषधांनी आजार बरा होतो आणि ही औषधे शासकीय क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य मिळतात. मात्र ती बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ, मध्येच न सोडता घ्यावी लागतात. निदान लांबल्यास मणका झिजून पोक येते आणि पाय लुळे पडू शकतात. मधुमेही, तसेच पूर्वी स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झालेल्यांनी नव्या पाठदुखीची दखल अधिक लवकर घ्यावी.

काय करावे, काय टाळावे

वरीलपैकी कोणतीही खूण नसल्यास घाबरण्याचे कारण नाही. पूर्वी पाठदुखीला आठवडेच्या आठवडे सक्तीची विश्रांती सांगत. आता ते मत मागे पडले आहे. एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर झेपेल तेवढे चालावे आणि नित्याची कामे हळूहळू सुरू करावीत. शेकल्याने आराम पडतो. वेदनाशामक गोळ्या मात्र परस्पर घेऊ नयेत. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास त्या अपायकारक ठरू शकतात. सहा आठवड्यांत उतार न पडल्यास डॉक्टरांकडे जावेच.

धोक्याची खूण असताना मात्र मालीश करणे, पाठीवर पाय देणे, झटका देऊन मणका 'बसवून' घेणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. अपघातानंतर रुग्णाला उठवून बसवू नये. मान, पाठ व कंबर एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी त्याला फळीवर घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे, तर देशभरात कोठूनही ११२ या क्रमांकावर मदत मागता येते. लक्षण केव्हा सुरू झाले आणि शेवटची लघवी केव्हा झाली, याची वेळ चिठ्ठीवर लिहून न्यावी. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रुग्णास खाण्यास देऊ नये.

पैशाची तजवीज

तातडीच्या प्रसंगी पैशासाठी वेळ दवडावा लागू नये, याची व्यवस्था आधीच करता येते. आरोग्य विम्याचे कार्ड आणि पॉलिसीचा क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावा. आपल्या शहरातील कोणत्या रुग्णालयांत रोकडरहित सुविधा मिळते, ते पाहून ठेवावे. दाखल झाल्यावर विमा कंपनीस ठरलेल्या मुदतीत कळवावे. मात्र मंजुरीची वाट पाहत दाखल होणे लांबवू नये. बचत खाते एकाच व्यक्तीच्या नावे असल्यास नेमकी तीच व्यक्ती रुग्णशय्येवर असताना पैसे काढणे अवघड होऊ शकते. म्हणून घरखर्चाचे खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावे आणि दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशा पद्धतीचे असावे. दोन-तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशी राखून ठेवावी.

पाठदुखीच्या प्रत्येक रुग्णाने रुग्णालयाकडे धाव घेण्याची आवश्यकता नाही. पायांची शक्ती, बैठकीच्या भागाची संवेदना, लघवी-शौचावरील ताबा, ताप व वजन, पूर्वीचा आजार किंवा अपघात यांविषयीचे पाच प्रश्न मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावेत. पाचही उत्तरे समाधानकारक असतील, तर धीर धरावा. एखादे उत्तर शंकास्पद असेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये.