पश्चिमेची खिडकी
२०२४च्या मे महिन्यात उन्हापायी अकोल्यात कलम १४४ लागलं. त्याच नवतप्यात अमरावतीला आमच्या पश्चिमेच्या खोलीची मोठी काच दुपारी चारच्या सुमारास तडकली. कडेपासून वळत गेलेली एकच रेघ. शेजारच्या काकू धावत आल्या, "काहून जी भाऊ, गोटा मारला का कोनं?"

गोटा नव्हता. दोन महिन्यांआधी मी त्या काचेवर 'उष्णता ओळखणारी' फिल्म लावून घेतली होती. किमतीपलीकडे काही विचारलं नव्हतं. गडद फिल्मने ऊन शोषलं, काचेचा मधला भाग भाजून निघाला, चौकटीत दडलेली कड त्या मानाने थंड राहिली. मधला भाग पसरू पाहतो, कड त्याला आवळून धरते. साध्या, टफन न केलेल्या काचेला हा ताण सोसत नाही.

मग वाचायला बसलो. तापमान पाहून बदलणारा खरा थर व्हॅनेडियम डायऑक्साइडचा, केसाहून कितीतरी पातळ. हे द्रव्य सुमारे ६८ अंशांना एकाएकी धातूसारखं वागू लागतं, हे १९५९ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत मॉरिन यांनी नोंदवलं. धातूसारखं झालं की ते उन्हातले न दिसणारे अवरक्त किरण अडवतं. उजेड जवळजवळ तेवढाच राहतो. खिडकीला ६८ अंश फार, म्हणून टंगस्टन मिसळतात. शेकडा एक भागाने वीसेक अंश उतरतात. अशी फिल्म उन्हात काळी पडत नाही. माझी तर सकाळपासूनच काळी होती!

म्हणून विकणाऱ्याला विचाराच: थर थंड असताना उन्हाची किती उष्णता आत येते, तापल्यावर किती, आणि बदल किती अंशांना होतो? एकच आकडा सांगितला, तर ती साधी सनफिल्म समजा. तीही चालेल, पण काच ती पेलेल का, हे लेखी घ्या.

आणखी एक. हिवाळ्यात ऊन आत घेणं हा अशा बदलत्या थराच्या काचेचा मोठा गुण. वऱ्हाडात त्याची गरज जेमतेम दोन महिने. शिवाय कूलर चालायचा तर हवा बाहेर जायला एक खिडकी उघडी लागतेच. एसीच्या बंद खोलीचा हिशेब वेगळा. आपल्या घरांत ऊन काचेपर्यंत पोचूच न देणं महत्त्वाचं.

आता साधी काच आहे. बाहेरून, वीतभर अंतर सोडून, बांबूची चिक टांगली आहे. दुपारी दोनला सोडतो, दिवेलागणीला गुंडाळतो. काच तडकली त्याच्या पुढच्या मे महिन्यात चार वाजता काचेवर तळहात टेकवून पाहिला. मागे घ्यावा लागला नाही.