समीकरणाची मांडणी

शिरपूर हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, दक्षिणेस तापीचे विस्तीर्ण पात्र आणि गावाजवळून वाहणारी अरुणावती नदी, असा हा प्रदेश. तरीही उन्हाळ्यात येथील अनेक विहिरी कोरड्या पडत. पावसाळ्यात नाले दुथडी भरून वाहत. परंतु ते पाणी जमिनीत न मुरता तापीकडे निघून जाई. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली तालुक्यातील नाले खोल व रुंद करण्याचे आणि त्यांवर ठिकठिकाणी सिमेंटचे बंधारे बांधण्याचे काम सुरू झाले. पाणी अडले, जमिनीत मुरले आणि विहिरींना पुन्हा पाझर फुटले. हे काम पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने सर्वत्र ओळखले जाऊ लागले.

अशा कामाचा हिशेब लिहून ठेवावा लागतो. नाल्यात किती पाणी साठेल, त्याकरिता माती किती काढावी लागेल, खर्च किती येईल, हे सारे अहवालात नमूद करावयाचे असते. अहवाल लिहिणारा एक, वाचणारा दुसरा आणि त्यावरून काम करणारा तिसरा. या तिघांची भेट होईलच असे नाही. म्हणून कागदावर जे लिहिले असेल, त्याचा अर्थ एकच निघाला पाहिजे. शब्दांच्या बाबतीत हे आपणांस सहज पटते. समीकरणांच्या बाबतीत मात्र ते पुष्कळदा विसरले जाते.

एक उदाहरण घेऊ. एका नाल्याची वरची रुंदी २० मीटर, तळाची रुंदी १२ मीटर, खोली ६ मीटर आणि लांबी ५०० मीटर आहे असे मानू. दोन्ही रुंदींची सरासरी काढून तिला खोलीने व लांबीने गुणले, म्हणजे नाल्याचे घनफळ मिळते. सरासरी १६ मीटर. १६ गुणिले ६ म्हणजे ९६. आणि ९६ गुणिले ५०० म्हणजे ४८,००० घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर पाणी मावते. तेव्हा या नाल्यात ४ कोटी ८० लाख लिटर पाणी साठेल.

आता हेच सूत्र कोणी घाईने एका ओळीत असे टंकलिखित केले:

घ = व + त / २ × ख × ल

येथे ‘घ’ म्हणजे घनफळ, ‘व’ वरची रुंदी, ‘त’ तळाची रुंदी, ‘ख’ खोली आणि ‘ल’ लांबी. लिहिणाऱ्याच्या मनात बेरीज आधी होती. पण कागदावर कंस नाही. गुणाकार व भागाकार आधी, बेरीज नंतर, हा गणिताचा नियम वाचणारा पाळतो. तो १२ ला २ ने भागतो, ६ येतात. त्यांना ६ ने व ५०० ने गुणून १८,००० मिळवतो आणि त्यांत २० मिळवून उत्तर १८,०२० काढतो. नाला तोच, मापे तीच. पण जवळजवळ ३ कोटी लिटर पाणी कागदावरून नाहीसे झाले! सुजाण वाचकाच्या ध्यानात येईल की, येथे २० मीटर आणि १८,००० घनमीटर यांची बेरीज झाली आहे आणि अशी बेरीज होऊच शकत नाही. परंतु प्रत्येक वाचक इतका सावध असेलच असे नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. समीकरणाची मांडणी हा केवळ शोभेचा भाग नव्हे. कोणते चिन्ह वर, कोणते खाली, रेघ कोठवर, कंस कोठे, यांवर अर्थ अवलंबून असतो.

या विषयाशी खानदेशाचे नाते फार जुने आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी रचला. जळगाव जिल्ह्याच्या चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला आणि १२०७ साली त्या मठास दान मिळाले, असे त्या लेखावरून कळते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला.

भास्कराचार्यांच्या काळी बरोबरीचे चिन्ह नव्हते. अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ असे लिहीत. ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणत, तिच्यासाठी ‘रू’. एकाहून अधिक अज्ञात संख्या असल्या, तर काळक, नीलक, पीतक अशा रंगांच्या नावांची आद्याक्षरे योजीत. समीकरणाच्या दोन बाजू एकीखाली एक लिहिल्या जात. समजा, एका संख्येच्या पाचपटीत ८ मिळवले असता तिच्या दुपटीत २० मिळवल्याइतकेच उत्तर येते. ही गोष्ट ते अशी मांडीत:

या ५ रू ८
या २ रू २०

सारखी पदे एकाखाली एक येत असल्यामुळे वजाबाकी डोळ्यांनाच दिसते. वरच्या ‘या ५’ मधून ‘या २’ काढले की ‘या ३’ उरतात. खालच्या २० मधून ८ काढले की १२ उरतात. म्हणून ‘या’ची किंमत ४. ऋण संख्येवर एक ठिपका देत. हा ठिपका नकल करणाऱ्याच्या हातून राहिला, तर ऋण संख्या धन होऊन बसणार आणि सारे उत्तर चुकणार. मांडणीची जबाबदारी अशी तेव्हाही होती.

आपण आज वापरतो ते बरोबरीचे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने आपल्या पुस्तकात प्रथम छापले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतक्या समान अशा दुसऱ्या दोन वस्तू नाहीत, असे त्याचे म्हणणे होते.

पुढे छापखाने आले. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या कारागिराला जुळारी म्हणत. साधा मजकूर जुळवणे त्याच्या हातचा मळ; पण अपूर्णांक, वर्गमूळ आणि अक्षराच्या खांद्यावरचा लहान अंक आला की त्याच्या कौशल्याची कसोटी लागे. टंकलेखनयंत्रावर तर ओळ सरळच चाले. म्हणून सूत्राची जागा मोकळी सोडून ते मागाहून शाईने भरण्याची रीत होती.

१९७७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. खिळ्यांची जागा छायाचित्रण पद्धतीने घेतली होती आणि सूत्रांची अक्षरे पूर्वीसारखी रेखीव उमटत नव्हती. नूथ यांनी छपाईचे काम संगणकाकडूनच उत्तम रीतीने करवून घेण्याचे ठरवले. एका वर्षात संपेल असे वाटलेल्या या कामास सुमारे दहा वर्षे लागली. त्यातून ‘टेक’ ही आज्ञावली निर्माण झाली आणि त्यांनी ती सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून दिली. जगभरातील गणिती आजही तिचा व तिच्यावर उभारलेल्या ‘लाटेक’चा उपयोग करतात.

शाळा-महाविद्यालयांत व कचेऱ्यांत मात्र अहवाल बहुधा शब्दसंस्कारकात लिहिले जातात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ‘इन्सर्ट’ या यादीत ‘इक्वेशन’ हा पर्याय असतो. ‘ऑल्ट’ आणि बरोबरीची कळ एकत्र दाबली तरी समीकरणाची चौकट उघडते. तिच्यात बेरीज कंसात लिहून पुढे तिरपी रेघ व २ हा अंक द्यावा आणि मोकळ्या जागेची लांब कळ दाबावी. लगेच कंस जाऊन बेरीज आडव्या रेघेच्या वर आणि २ खाली बसतो. लिबरऑफिस रायटर या विनामूल्य आज्ञावलीत सूत्र शब्दांनी सांगता येते. अपूर्णांकासाठी तेथे ‘ओव्हर’ हा शब्द लिहितात. अशा रीतीने मांडलेले आपले सूत्र असे दिसेल:

घ = [ (व + त) ÷ २ ] × ख × ल ……… (१)

आडव्या रेघेचा अपूर्णांक वापरला, तर यातील कंस व भागाकाराचे चिन्ह दोन्हीही लागत नाहीत. कारण ती रेघच कोणाला कोणी भागायचे ते दाखवते.

औपचारिक अहवालात आणखी काही नियम पाळतात. महत्त्वाचे समीकरण परिच्छेदात दडपून न लिहिता स्वतंत्र ओळीवर, मध्यभागी मांडावे. त्याचा क्रमांक उजव्या कडेला कंसात द्यावा. म्हणजे पुढे ‘वरील सूत्र’ असे मोघम न लिहिता ‘समीकरण (१)’ असे नेमके लिहिता येते. समीकरणाखाली प्रत्येक अक्षराचा अर्थ व त्याचे एकक सांगावे. एकच अक्षर दोन अर्थांनी वापरू नये. संख्या आणि एकक यांत थोडी जागा सोडावी. उदाहरण अनेक पायऱ्यांचे असेल, तर बरोबरीची चिन्हे एकाखाली एक यावीत. गुणाकाराच्या चिन्हाऐवजी त्यासारखे दिसणारे रोमन अक्षर आणि वजाबाकीच्या चिन्हाऐवजी आखूड संयोगचिन्ह वापरणे टाळावे. समीकरण हा वाक्याचाच भाग असतो. त्यामुळे ते आल्यावर वाक्य तुटता कामा नये.

काही जण समीकरणाचे चित्र काढून ते अहवालात चिकटवतात. ते पाहावयास ठीक वाटते. पण चित्र मोठे केले की अक्षरे फुटतात आणि एखादा अंक चुकला तर तेवढाच दुरुस्त करता येत नाही. चौकटीत लिहिलेले समीकरण केव्हाही सुधारता येते.

हे सर्व साधल्यावरही एक काम उरते. सोप्या संख्या घेऊन समीकरण हाताने सोडवून पाहावे आणि उत्तराचे एकक जुळते की नाही हे तपासावे. यंत्र अक्षरे सरळ बसवील, रेघ नीट ओढील, क्रमांकही ठरल्या जागी नेईल. परंतु लिहिणाऱ्याच्या मनातील बेरीज कंसात आली की नाही, हे त्याला कळत नाही. ते पाहणे ज्याचे त्यालाच भाग आहे.

स्वाध्याय

१. एका ओळीत कंसाशिवाय लिहिलेल्या सूत्रामुळे उत्तरात कोणता फरक पडला? तो का पडला?
२. भास्कराचार्यांच्या काळची समीकरण लिहिण्याची पद्धत तुमच्या शब्दांत सांगा.
३. पुढील समीकरण आजच्या पद्धतीने लिहून सोडवा: या ७ रू ३ / या ४ रू १८.
४. वरची रुंदी १५ मीटर, तळाची रुंदी ९ मीटर, खोली ५ मीटर व लांबी २०० मीटर असलेल्या नाल्यात किती लिटर पाणी साठेल? सर्व पायऱ्या नीट मांडा.
५. कारणे द्या: (अ) समीकरणास क्रमांक द्यावा. (आ) समीकरणाचे चित्र चिकटवू नये.
६. ‘हातचा मळ असणे’, ‘कसोटी लागणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
७. आपल्या गावातील विहीर, टाकी किंवा बंधारा यांपैकी एकाची मापे वडीलधाऱ्यांच्या सोबतीने घेऊन त्यावर एक पानाचा अहवाल लिहा.